कोचचं घर विकणे आहे

चार कोच घालवलेत मी. चार! एकेकाचा आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला ओरडला तर त्या टोकाच्या पोरांच्या पोटात गोळा यावा. असल्या दांडग्या गड्यांना मी एका पायावर उभं राहून गावाबाहेर काढलं. आता खरंच विचाराल, तर पहिला मोठ्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून स्वतःच हसत गेला. दुसऱ्याच्या वेळी मला चुकून शेजारच्या दाताच्या डॉक्टरच्या अंगणात रोवलं होतं. आणि उरलेले दोघं हरून हरून गेले. मी नसतो तरी गेलेच असते.

पण बढाईला काय जातंय?

मी बोर्ड बोलतोय. पत्र्याचा, पांढरा, वर लाल अक्षरांत दोनच शब्द: 'विकणे आहे'. माझं शिक्षण तेवढंच. या दोन शब्दांवर मी जन्म काढला. तुमच्यातही दोनच वाक्यांवर जन्म काढणारे पुष्कळ आहेत, फक्त त्यांना लोक बसायला खुर्ची देतात.

अलाबामातल्या हार्पर्स मिल गावात हॉलिस टिडवेल नावाचा माणूस आहे. त्यानं मला आणला तो आपली मासेमारीची होडी विकायला. होडी काही विकली गेली नाही. अजून घरामागं पालथी पडली आहे, तिच्याखाली मांजरं वितात. म्हणजे ज्या कामासाठी जन्मलो, ते मी एकदाही केलेलं नाही. सरकारी खात्यात असतो तर बढती मिळाली असती.

मग एका शनिवारी आमच्या कॉलेजचा संघ असा हरला, की हॉलिसनं रेडिओवर टोपी फेकून मारली. आमच्या संघाचं नाव बगळे. त्या दिवशी बगळ्यांनी पिसंसुद्धा घरी आणली नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार. सगळं गाव चर्चमध्ये. पाद्रीबाबा आधी आजाऱ्यांसाठी आणि मग आमच्या मुख्य खेळाडूच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करतात, आणि गुडघ्याला 'आमेन' जरा जोरात पडतं. कोचही सहकुटुंब तिथंच. तेवढ्या वेळात हॉलिसनं मला गाडीत टाकलं, कोचच्या हिरवळीत नेऊन रोवलं, म्हणजे घर विका आणि गाव सोडा, आणि घरी येऊन पुन्हा अंथरुणात शिरला.

त्याची बायको व्हर्ना चर्चमधून आली. म्हणाली, "कंबर कशी आहे?"

"धरलीय गं अजून."

"नवल आहे बाई तुझ्या कंबरेचं. बगळे जिंकले की चर्चला चालत येते. हरले की धरते."

तेव्हापासून हा रिवाजच पडला. बगळे हरले, की माझी वरात. आमच्या गावात हरलेल्या कोचच्या अंगणात बोर्ड लागला नाही, तर कोचलाच चुकल्या चुकल्यासारखं वाटेल.

हॉलिसला एवढा राग कशाचा, हे मला ठाऊक आहे. त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात मी राहतो, आणि माणूस एकटा गाडी चालवताना जे बोलतो ते पाद्रीलाही सांगत नाही. हॉलिस गावातल्या शाळेच्या संघाचा कोच होता. दुपारी पोरांना गाडी चालवायला शिकवायचा, संध्याकाळी फुटबॉल. कॉलेजात कोणाची तरी जागा निघाली की कडक इस्त्रीचा सदरा घालून मुलाखतीला जायचा. दरवेळी बाहेरगावचा कोणीतरी तरुण यायचा आणि जागा घ्यायचा. म्हणून जो येईल तो कोच त्याला गाढव वाटतो. याला इंग्रजीत काय म्हणतात ठाऊक नाही. आपल्याकडे हेवा म्हणतात.

मला समजतो तो. कारण मीही त्याच रोगाचा. तुम्हीच सांगा, चिखलात उभा राहणार मी, कुत्री अंगावर पाय वर करणार ती माझ्या, आणि गावाच्या तोंडी चोवीस तास नाव कोणाचं? कोचचं! गेल्या वर्षी तर काही उत्साही पोरांनी विमान भाड्यानं आणलं. त्याच्या शेपटीला 'कोच हटाव'चं लांबच लांब फडकं. सगळं मैदान माना वर करून बघत होतं. माझ्या पत्र्याचा तवा झाला. फडकं ते! वारा पडला की वाळत घातलेली विजार दिसायचं.

यंदाचा कोच ग्रेडी मॅब्री. शांत, जरा पोक काढून चालणारा माणूस. हॉलिसनं त्याला नाव ठेवलं होतं 'लाथाड्या'. इथल्या फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत चेंडू घेऊन दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. तीन फुकट गेले की भित्रा माणूस चौथ्याला चेंडू लाथेनं लांब उडवून देतो. मॅब्री दरवेळी लाथच मारायला लावायचा.

एअरलीनच्या हॉटेलात सकाळी मक्याच्या कण्या आणि अंडी खाताना यावरून रोज महाभारत. हॉलिस एका बाजूला, आणि त्याचा मेहुणा ड्यूई दुसऱ्या बाजूला. मी बाहेर गाडीत, खिडकी उघडी.

"भित्रा आहे तो! सशाचं काळीज," हॉलिस म्हणायचा.

"अरे, पोरं नवी आहेत. दोन वर्षं दे त्याला," ड्यूई म्हणायचा.

"दोन वर्षं दिली तर आपलं मैदान गुरांना चरायला द्यावं लागेल."

"तू शाळेत कोच होतास तेव्हा गुरं बरी म्हणायची वेळ होती, हॉलिस!"

सगळे हसायचे. एक गंमत बघा. बगळे जिंकले की हे लोक म्हणतात, "आपण जिंकलो." हरले की, "तो हरला." सगळ्या गावात 'आपण' आणि 'तो' यांच्यामध्ये एकटा उभा असतो तो कोच.

तर यंदा बगळे लागोपाठ हरले. रविवारी हॉलिसची कंबर धरली. व्हर्ना चर्चला गेली आणि आम्ही मॅब्रीच्या दारात. माझा पाय मातीत अर्धा गेला असेल-नसेल, तोच ओसरीवरून आवाज आला, "जरा डावीकडे घ्या, मिस्टर हॉलिस. तिथं पाण्याची नळी आहे."

मॅब्री! पायजम्यावर, सपाता घालून, मांडीवर उकडलेल्या शेंगांचं पातेलं. आज त्याचीही कंबर धरली होती म्हणे.

हॉलिसचं तोंड बघण्यासारखं झालं. "मी... आपलं... हिरवळ बघत होतो."

"बघा की. शेंगा खाणार?"

झालं! मला तिथंच जमिनीवर टाकून हा बाबा ओसरीवर चढला. टाकला तोही पालथा. तोंडात माती. वर आधी हिरवळीच्या गप्पा, मग हवामानाच्या, आणि मग मॅब्री म्हणाला, "तुम्ही असता तर शनिवारी काय केलं असतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न हॉलिसला कोणी विचारला नव्हता. त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यानं ओसरीच्या फळ्यांवर शेंगा मांडल्या. या आपल्या, या त्यांच्या.

"चौथ्या प्रयत्नाला तुम्ही लाथ मारता, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बरोबर? त्यांची तोंडं आभाळाकडे. तेव्हा लाथेचं नुसतं सोंग करायचं. आणि हा इथं कडेला, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याच्याकडे हळूच फेकायचा."

"लाथ मारणारं पोरगं चेंडू फेकणार?"

"माझ्या शाळेत फेकायचं."

"आणि समोरच्यानं मध्येच झेलला तर?"

"तर घर विकायला माझा बोर्ड आहेच."

मॅब्री एवढा हसला, की त्यांच्या बाजूचा एक बचावपटू फळीच्या फटीतून खाली पडला. हॉलिसनं दुसरा खाऊन टाकला.

त्यानंतर दर रविवारी हॉलिसची कंबर धरू लागली. बगळे जिंकले तरी! आणि मला गाडीतून कोणी खालीसुद्धा घेईना. मी हौद्यात, जुन्या टायरखाली. वर ओसरीवर 'कोच, हे बघा' आणि 'मिस्टर हॉलिस, ते बघा'. तरी म्हटलं, सवतीसुद्धा निदान दाराआड बोलतात. एवढी वर्षं हा माणूस मला काखेत मारून हिंडला, आणि एका पातेलंभर शेंगांवर फिरला! मी मनोमन म्हणालो, हरा रे बगळ्यांनो. असे हरा, की याला माझी आठवण व्हावी.

एअरलीनच्या हॉटेलातही हॉलिस गप्प. कोणी 'लाथाड्या' म्हटलं की कण्यांत चमचा फिरवत बसायचा. एकदा तर म्हणाला, "वाटतं तेवढं सोपं नसतं ते."

ड्यूईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "व्हर्नाला फोन करा रे कोणीतरी. ताप चढलाय याला."

मग आला खेचरांबरोबरचा सामना. टर्नर काउंटीच्या कॉलेजचा तो संघ. आमचं आणि त्यांचं असं वैर, की इथली मुलगी तिकडं दिली तर लग्नात दोन रंगांचे केक करतात. सगळ्यांना ठाऊक होतं, हा सामना गेला तर मॅब्रीही गेला. कॉलेजच्या मंडळानं तसं उघडच म्हटलं होतं.

मी मैदानाबाहेर गाडीत. शेजारच्या गाडीचा रेडिओ मोठ्यानं लावलेला. बगळे दोन गुणांनी पुढं. खेळ संपत आलेला. आपला चौथा प्रयत्न. शहाण्या माणसानं लाथ मारावी आणि घरी जावं. तेवढ्यात रेडिओवाला किंचाळला, "हे काय! हे काय! सोंग आहे!"

लाथ मारणाऱ्या पोरानं चेंडू फेकला. कडेच्या, कोणी बघत नसलेल्या गड्याकडे. पण एक खेचर बघत होतं. त्यानं मध्येच झेलला आणि जे पळत सुटलं, ते आमच्या रेषेपलीकडेच थांबलं. सहा गुण त्यांचे, सामना गेला.

मैदानातून असा आवाज आला, की जणू सगळ्या गावानं एकदम गरम काहीतरी गिळलं.

तेव्हा मी खूश झालो, हे कबूल करतो. म्हटलं, आली माझी पाळी! मग हॉलिस आला. गाडीत बसला. किल्ली लावलीच नाही. रेडिओवर मॅब्री बोलत होता. पत्रकार विचारत होता, असली कल्पना कोणाची? मॅब्री म्हणाला, "मुख्य कोच मी आहे. निर्णय माझा." हॉलिसनं दोन्ही हातांनी चाक धरलं, जणू गाडी चालू आहे आणि समोर वळण आहे. आणि माझ्या पत्र्यातली खुशी कुठं गेली मला कळेना.

रविवारी मंडळानं मॅब्रीला काढलं. सोमवारी एअरलीनकडे उभं राहायला जागा नव्हती.

"अरे, सरळ लाथ मारायची! एवढी अक्कल नको?" हे म्हणणारे तेच, जे आदल्या आठवड्यापर्यंत त्याला भित्रा म्हणत होते.

"कुठल्या गाढवाच्या डोक्यातून निघालं हे सोंग?"

"माझ्या," हॉलिस म्हणाला.

एअरलीनची कॉफीची किटली हवेतच राहिली.

"ती युक्ती माझी. मी त्याच्या ओसरीवर बसून शिकवली. शेंगा मांडून."

मग ड्यूई हसायला लागला. मग सगळे. टेबलं हलेपर्यंत.

"शेंगा मांडून! अरे काय थापा मारतो हा! त्याची नोकरी गेली, हा तिथंही श्रेय लाटतोय!"

"खरं सांगतोय मी, ड्यूई."

"हो हो. आणि दाताच्या डॉक्टरचं घरही तूच विकलंस!"

जन्मभर सगळ्यांना बनवलं, त्याचं हे फळ. एकदाच खरं बोलला, आणि तेच सगळ्यात मोठी थाप ठरली. हॉलिस कण्या तशाच टाकून उठला, गाडीत बसला आणि सरळ मॅब्रीच्या घरी.

तिथं हिरवळीत, माझ्याच जागेवर, एक नवाकोरा बोर्ड उभा. गुळगुळीत, निळा, वर घरं विकणाऱ्या एका बाईचा हसरा फोटो, बत्तीसच्या बत्तीस दात. आणि तिनं आल्या आल्या घर विकूनही टाकलेलं! 'विकले' अशी पट्टी छातीवर मिरवत होती. ती विकते, मी नुसता बोलतो. माझ्या अंगाला गंज आहे तो पावसाचा नाही, बाबांनो, तो हाच.

आता मी हॉलिसच्या घरामागं होडीला टेकून असतो. मांजरं पाठ घासून जातात. पुढच्या महिन्यात नवा कोच येईल, आणि तो पहिल्यांदा हरला की गाव हॉलिसच्या दाराशी माझी चौकशी करील. तेवढं एक ऐका: कोणी न्यायला आलं, तर सांगा, याच्या पायाला गंज चढलाय, उभा राहत नाही. मनापासून सांगतो, पुन्हा हिरवळीवर जायची हौस उरलेली नाही.

कारण त्या दिवशी मी हौद्यातून सगळं पाहिलं. मॅब्री खोकी गाडीत भरत होता. हॉलिस फाटकाशीच थांबला. टोपी काढली.

"कोच, रेडिओवर माझं नाव का नाही सांगितलंत? मी गावात सांगून बघितलं. कोणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही सांगितलं असतंत, तर निदान अर्ध्या शिव्या तरी माझ्या वाट्याला आल्या असत्या."

मॅब्रीनं खोकं खाली ठेवलं. हात झटकले.

"जिंकलो असतो, तर मी तुमचं नाव सांगणार नव्हतो, मिस्टर हॉलिस. मग हरल्यावर कुठल्या तोंडानं सांगू?"