मागची रांग

“आक्का, ह्ये हिरवं पातळ नेसून या. फोटोत उठून दिसतंय,” बिरदेव उंबऱ्यातूनच म्हणाला.

नकोशीआक्का देवासमोर बसल्या होत्या. आधी पाणी, मग बिरोबाला भंडारा, मग दिवा. एवढं झाल्याशिवाय त्या चहालाही शिवत नसत. ज्योत स्थिर झाल्यावरच त्यांनी मागे पाहिलं.

“पातळ ऱ्हाऊ दे. मागच्या रांगेचं काय झालं, त्ये सांग.”

“हुईल की पुढच्या टप्प्याला.”

“म्हंजी आज न्हाय.”

“मोजणीच्या दिवशी ती मानसं जाग्यावर न्हवती, आक्का. सायब म्हनला, नुसती कुलपं मोजू व्हय?”

“मेंढरं घिऊन कोकणात उतरल्यात ती. तुझा बाप बी उतरायचा. पळून गेल्यागत काय बोलतुयास?”

भवानीनगरच्या पलीकडे, कालव्याच्या अंगाला एक गायरान होतं. त्यावर धनगरांची दोन रांगांत घरं. पुढच्या रांगेतल्यांनी मेंढरं विकली आणि कुणी साखर कारखान्यात, कुणी ट्रॅक्टरवर कामाला लागलं. मागच्या रांगेतले अजूनही दिवाळीनंतर कळप घेऊन निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतत. या दोन्ही रांगा एका जागी बांधून ठेवण्यात आक्कांचं आयुष्य गेलं. मुलांना शाळेत घ्या, रेशन द्या, मतदार यादीत नावं घाला, राहत्या जागा नावावर करून वीज द्या. इंदापूरच्या कचेरीपुढे तर त्या मेंढरांसकट ठिय्याला बसल्या होत्या. तिथंच एक मेंढी व्याली. बायांनी कोकराचं नाव ‘तहसीलदार’ ठेवलं आणि ते ओरडलं की म्हणायच्या, “आगं, सायबाला भूक लागली, पाजा की!”

आक्का अंगठे, सह्या घेत नसत. बिरोबाच्या देवळात नेऊन प्रत्येकाला भंडारा उचलायला लावत. देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडेल, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नाही. शब्द एकच होता: समद्यांना, न्हायतर कुनालाच न्हाय. बिरदेवनेही तो दिला होता. सभेत उभं राहायला त्याला आक्कांनीच शिकवलं होतं. आधी म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघ, मग तोंड उघड, असं त्या सांगत.

“भंडारा उचलला हुतास तू,” आक्का म्हणाल्या.

“भंडाऱ्यावर वीज येत न्हाय, आक्का.” हे त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. पातळ खाटेवर ठेवून तो गेला.

आक्कांचं घर पुढच्याच रांगेत होतं. शेजारची मनिषा दारावर नवा बल्ब लावत होती. आक्का तिच्या स्टुलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“तुला ठावं हुतं?”

मनिषा खाली उतरली नाही. “पुढच्या रांगेत समद्यास्नीच ठावं हुतं, आक्का.”

“आन मला कुनी बोललं न्हाय?”

“बोललो असतो, तर तुमी आमाला बी मिळू दिलं नसतं.”

त्यात खोटं काही नव्हतं. आक्का घरात आल्या आणि देवापुढं नुसत्याच बसून राहिल्या.

दुपारी जागेचे कागद वाटायच्या आणि वीज सुरू करायच्या कार्यक्रमाला त्या मांडवात गेल्या, पण आपल्या जुन्याच लुगड्यात. बिरदेव माईकवर सांगत होता, “ही लढाई आमच्या आक्कांची!” टाळ्या झाल्या. पाहुण्यांवर भंडारा उधळायला त्यांना वर बोलावलं. आक्कांनी ताट घेतलं, पण भंडारा उधळला नाही. ते बिरदेवसमोर धरून त्या हळूच म्हणाल्या, “उचल, बाबा. मागच्यांच्या नावानं परत उचल.”

क्षणभर त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, “सर, हिकडं!”

बिरदेवनं चिमूटभर भंडारा घेतला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि वाकून आक्कांचे पाय धरले.

“बिरोबाच्या नावानं चांगभलं!” मांडव दणाणला. आक्कांनी आशीर्वाद दिला, असंच सगळ्यांना वाटलं.

कळप गेल्यापासून मागच्या रांगेच्या बंद दारांपुढे रोज संध्याकाळी पणती लावायची, हा आक्कांचा नेम होता. त्या दिवशीही त्या पणत्या आणि तेलाची बाटली घेऊन निघाल्या. कळपाबरोबर गेलेल्या तात्याबाच्या दारापाशी पोचल्या आणि फोन वाजला. त्याचाच होता.

“आक्का, दोन दिस झालं रेंजच गावंना. मोजणी झाली व्हय आमची?”

“न्हाय, तात्याबा.”

पलीकडे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज येत होता. “बिरदेव तर म्हनला हुता, आक्का हायत तितं, तुमी बिनघोर जावा.” मग त्यानं विचारलं, “आन तुमचं?”

खोटं बोलता आलं असतं. पण देवाच्या नावाची पणती हातात होती.

“माझं झालं.”



“बरं झालं,” तात्याबा म्हणाला. “ठेवतो. मेंढरं पान्यावर आल्यात.”

फोन ठेवण्याआधी तो नेहमी विचारायचा, आमच्या दारात दिवा लावला का. आज त्यानं विचारलं नाही.

आक्कांनी दिवा लावला. तेवढ्यात पुढच्या रांगेतले बल्ब पेटले. पोरांनी एकच गिल्ला केला. झगझगीत उजेडाच्या त्या ओळीत एकच घर काळं राहिलं होतं, आक्कांचं. त्यांनी बल्ब लावलाच नव्हता. आक्कांनी तिकडं पाहिलं, वाऱ्याला पदर आडवा धरला आणि त्या तात्याबाच्या शेजारच्या बंद दारापाशी जाऊन वाकल्या.