तुलनेचा कचरा

भिंगवालीचं आणि तिच्या दादाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं असं म्हटलं, तर विळ्यालाही राग येईल आणि भोपळ्यालाही. ती दोघं निदान एका स्वयंपाकघरात नांदतात. ही दोघं एकाच घरात वर-खाली राहायची, आणि बोलायची वेळ आली की मधे वहिनीला उभी करायची.

बापाने जाताना खालचा मजला दादाला दिला, वरचा मजला आणि गच्ची तिला. गच्ची धाकटीला का, हा दादाच्या घशात अडकलेला काटा. त्याचं खाली ग्रिल आणि फाटकांचं दुकान होतं. गच्ची गेल्याचा सूड म्हणून त्याने ग्राइंडर हलवून नेमका तिच्या खिडकीखाली आणला. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, म्हणून गल्ली तिला भिंगवाली म्हणायची. दिवसभर काचेची घरघर ऐकून घरी यावं तर खाली लोखंडाची.

त्यातच तिला आकाशातल्या धुळीचा नाद लागला. वरून रोज बारीक धूळ पडत असते. त्यातले काही कण हवेतून येताना वितळतात, गोल होतात आणि मिठाच्या कणाएवढे दाणे होऊन कुणाच्याही छपरावर पडतात. राजाच्याही आणि भिंगवालीच्याही. ती गच्चीच्या कोपऱ्यांतला गाळ खरवडायची, साबणाच्या पाण्यात धुवायची, उन्हात वाळवायची, चाळायची. मग चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवायचा आणि जे चिकटेल ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. खोटं का बोला, यात तिला देवाघरचं सुख मिळायचं.

पण वेल्डिंगची ठिणगीसुद्धा हवेत थंड होताना गोल होते, आणि तीही चुंबकाला चिकटते. तीन वर्षं तिने जे जे गोल म्हणून डोळ्यांशी धरलं, ते ते दादाचं निघालं. गच्ची तिची, पण गच्चीवरचा शिक्का दादाचा. यासाठी ती त्याचा जितका राग करायची, तितका तिने ग्राइंडरसाठीही केला नव्हता.

शेवटी एक दाणा हाती लागला, काळा आणि किंचित लांबट. हा दादाचा नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकलं. हौशी लोकांचा एक गट होता. त्याचे प्रमुख निवृत्त मास्तर, त्यांची कॉलेजच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकापर्यंत ओळख. त्यांनी पास केला की दाणा गटाच्या यादीत चढायचा, फोटोसकट, सापडणाऱ्याच्या नावासकट. मास्तरांचा नियम मात्र एकच होता आणि तोही आडमुठा. दाण्याबरोबर जवळच्या लोखंडी कामाचा कचरा पाठवायचा, तुलनेसाठी. कचरा नाही तर तपासणी नाही.

म्हणजे दादापुढे हात पसरणं आलं.

ती दुकानाच्या दारात उभी राहिली. दादा दोन हातांवर होता, वहिनी मधे.

"वहिनी, दादाला सांगा, दुकानातला झाडलेला कचरा हवाय. मूठभर."

"तिला सांग," दादा ग्रिल घासत म्हणाला, "कचरा बघायची एवढी हौस असेल तर घरात आरसा आहे म्हणावं."

"सांगा त्याला, मला लोखंडाचा हवाय. माणसाचा इथे समोरच दिसतोय."

वहिनीने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि काहीच न सांगता ती आत गेली. सांगायला उरलं होतं काय?

दुसऱ्या दिवशी भिंगवालीने दादा जेवायला गेलेला बघून रंगाच्या ब्रशने उंबरठा झाडायला घेतला. दादा ताटावरून उठून आला. "चोरी? माझ्या दारात? आणि तीही कचऱ्याची?" एवढ्या मोठ्याने ओरडला की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. शिंपी हसला. तिच्या कानाची पाळी तापली. ब्रश तिथेच टाकून ती वर निघून गेली, आणि दादा मेला तरी खाली उतरणार नाही असं तिने जिन्यातच ठरवलं.

आणि चारच दिवसांनी वहिनी झाकणाचा डबा घेऊन वर आली. "घ्या वन्सं. त्यांनीच भरून दिलाय."

इथे तिने थांबायला हवं होतं. दादा सरळ हाताने काही देणारा नव्हे, हे तिला जन्मापासून ठाऊक. पण गरजवंताला अक्कल नसते. तिने डबा बांधला, त्यावर 'दुकानातला कचरा' असं लिहिलं आणि दाण्याबरोबर पाठवून दिला.

मास्तरांचा फोन आला तेव्हा ती भिंग घासत होती.

"बाई, तुमचा दाणा वेल्डिंगचा आहे. शंकाच नाही."

तिच्या हातातलं भिंग कडेला चिरलं.

"पण ऐका. तुलनेच्या डब्यात एक खरा सापडलाय. अंगावर रेघा, टोकाला धातूचा मणी. इतका सुंदर मी वर्षानुवर्षांत पाहिला नाही. कुठे झाडला होता हा कचरा? ज्याने डबा भरला त्याच्याच तोंडून मला ऐकायचंय. दोघं दोन गोष्टी बोललात तर दाणा बाद. आणि एकदा बाद तो बाद, मागाहून फिरवाफिरव चालत नाही मला."

म्हणजे दाणा दादाचा! जन्मभर ठिणग्या उडवणाऱ्याच्या केरात आकाश येऊन पडलं होतं, आणि ती तीन वर्षं गाळ धूत बसली होती. तिला रडू आलं, ते निव्वळ जळफळाटाचं. तरी ती गेली. वहिनीला न शोधता थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"डबा कुठून भरलास?"

कित्येक वर्षांत ती त्याच्याशी सरळ बोलली नव्हती, म्हणून तो आधी गांगरला. मग त्याला चेव आला.

"दुकानातला देईन असं वाटलं तुला? गच्चीचा पाइप मागे पाणी ओततो ना, त्याच्या तोंडाखालचा गाळ खरवडून दिला. तुझीच घाण, तुला. बस आता तपासत!"

तिच्या गच्चीचा गाळ. तिचाच दाणा! ती हसली, आणि हसण्याच्या भरात नको ते बोलून गेली. "अरे, त्यात खरा निघालाय! माझ्या गच्चीचा! मास्तरांना एवढंच सांग, जे आत्ता बोललास तेच."

तिने फोन लावून त्याच्या हातात दिला, आवाज मोठा ठेवून. दादाने तिच्या तोंडाकडे बघितलं. इतकं उजळलेलं तोंड त्याने बापाचं मृत्युपत्र वाचलं त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

"नमस्कार मास्तर," तो मधाळ आवाजात म्हणाला. "दुकानातलाच कचरा. ग्राइंडरच्या खालचा."

"वा! मग दाणा तुमच्या नावावर चढणार. अभिनंदन!"

"माझ्या?" दादा म्हणाला. "फोटोबिटो पण?"

"अहो, पहिल्या पानावर."

दादाने हात पँटला पुसला. नकळत त्याची छाती वर आली. मागे पडद्याआड वहिनी उभी होती, तिचे नुसते पाय दिसत होते.

भिंगवालीला दोन वाटा दिसत होत्या. गप्प बसावं तर दाणा राहील, यादीत चढेल, लोक बघतील. पण खोट्या पत्त्यावर, आणि याच्या नावाने. बोलावं तर दाणाच राहणार नाही. तिने फोन ओढून घेतला.

"मास्तर, हा खोटं बोलतोय. गाळ माझ्या गच्चीच्या पाइपाखालचा आहे."

मास्तरांनी विचारलं, "बाई, नीट विचार केलात?"

"केला."

"मग बाद," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. फोन बंद झाला.

दादा ग्राइंडरकडे वळला.

ती जिना चढू लागली. आज पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडचा घास काढला होता, आणि तिला वाईट वाटत होतं. मागून घाईघाईत पावलं आली. वहिनी होती.

"वन्सं, पाइपाखालचंच होतं हो. मी पातेलं धरलं होतं."

"आत्ता सांगताय?"

"त्यांच्यासमोर कसं सांगू?"

"मग आता माझ्यासमोरही सांगू नका," भिंगवाली म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.