पंपघराचं रजिस्टर

आमच्या गावाचं पंपघर येडगावच्या धरणाच्या काठाला आहे. तिथं मी एकवीस वर्षं पंप चालवतो. सकाळी लाईट आली की मोटार सुरू करायची, टाकी भरेपर्यंत थांबायचं आणि दर तासाला तीन आकडे रजिस्टरला लिहायचे: व्होल्टेज, अँपिअर आणि पाण्याचं प्रेशर. कामाला लागलो तेव्हा मला आकडे ओळखता यायचे, पण पेन हातात धरता येत नव्हतं. ग्रामपंचायतीचा शिपाई आठवड्यातून एकदा येऊन सगळं भरून जायचा.

पुढं माझी नात तेजस्विनी पाचवीत गेली. तिचे आईबाप चाकणला कंपनीत, ती लहानपणापासून आमच्याकडेच. शाळा सुटली की दप्तर घेऊन ती पंपघरात यायची. तिचं अक्षर चांगलं, म्हणून मी रजिस्टर तिच्या हाती दिलं.

सुरुवातीला ती विचारायची, "आबा, दहा वाजता किती व्हतं?" मी आठवून सांगायचो. मग आठवायचा कंटाळा येऊ लागला. "टाक तुझ्या मनानं," मी म्हणालो. तिनं सगळ्या रकान्यांत साडेपाच लिहिलं. तेव्हा मीच तिला जवळ बसवून शिकवलं.

"असं एकसारखं न्हाई लिवायचं, बाय. सायबाला संशय येतो. एकदा पाच पॉइंट चार, एकदा पाच पॉइंट सहा. दोन कमी, दोन जास्त. मशीन जिवंत दिसलं पायजे."

ती हसली. आठवड्यात तिला जमलं. व्होल्टेज कमी लिहिलं तर अँपिअर थोडं चढवायचं, हेसुद्धा तिनं हेरलं. एकदा तालुक्याचे साहेब आले. त्यांनी रजिस्टर चाळून पाहिलं आणि म्हणाले, "इतकं व्यवस्थित रजिस्टर मी कुठं पाहिलं नाही." ते मी गावात दहा जणांना सांगितलं. पोरगी तेव्हा सातवीत होती.

वरच्या आळीच्या टोकाला सरूबाई राहते. एकटी बाई. तिच्या नळाला पाणी चढत नव्हतं. खालच्या घरांत भरपूर यायचं, तिच्याकडं नळातून नुसती हवा. ती डोक्यावर हंडा घेऊन चढ उतरून पंपघराशी यायची.

"धर्माभाऊ, पानी काय चढंना बगा."

मी रजिस्टर उघडून तिच्यापुढं धरायचो. "ह्ये बग. साडेपाच किलो प्रेशर हाय. सरकारी कागद हाय ह्यो. तुझ्याच पाइपात कचरा बसला आसंल."

तिला वाचता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. आम्ही दोघं त्या पानाकडं बघायचो. मग ती हंडा भरून निघून जायची. अशी वर्षं गेली.

तेजस्विनी बारावीला सायन्स घेऊन पास झाली. धरणाच्या बांधावर रोज सकाळी पळायची. नौदलाच्या भरतीत तिचं नाव लागलं आणि ती ओडिशात चिल्काला गेली. तिथं पहिलं ट्रेनिंग. फोन रविवारी, तोही थोडा वेळ. त्याच दिवसांत मी गावच्या शाळेत बाईंच्या संध्याकाळच्या वर्गात बसायला लागलो, कारण आता रजिस्टर लिहायला कुणी नव्हतं आणि नातीला दोन ओळी पाठवाव्यात असं वाटत होतं. वर्षभरात लिहायला आलं.

चिल्काचं संपलं तेव्हा आम्हाला वाटलं, अवघड ते झालं. पळणं, पोहणं, पहाटेची परेड. खरं अवघड पुढं होतं. तिला इंजिनाचं काम मिळालं आणि त्याच्या शिक्षणाला ती लोणावळ्याला आली. जवळ आली म्हणून माझी बायको प्रयागबाई खूश. पण पोर पहिल्या महिन्यात फोनवर रडली.

"आबा, सगळं इंग्रजीत आहे. दर आठवड्याला परीक्षा. बाकीची पोरं डिप्लोमा करून आलीत. मला नाही जमणार."

"तू पंपघरात वाडलीस," मी म्हणालो. "त्यांनी पुस्तकात पंप बगितला. तू कानानं ऐकलाय."

पुढं दर रविवारी ती मला काहीतरी विचारायची. पंपानं हवा धरली तर आवाज कसा येतो? मी सांगितलं, पत्र्याच्या डब्यात गोटे हलवल्यासारखा. ते तिनं वर्गात सांगितलं आणि तिच्या उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या चीफ साहेबांनी, शाबासकी दिली. तो आठवडाभर मी छाती काढून फिरलो. पारावर कुणी विचारो न विचारो, मी सांगायचो, "नेव्हीला माझं शिकवलेलं चालतंय."

मग एका रविवारी सकाळी फोन आला. तो प्रयागबाईनं घेतला आणि ऐकता ऐकता खाली बसली. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

तेजस्विनी सांगत होती. त्यांच्या वर्कशॉपात एक मोठं इंजिन चालू ठेवतात. चार तासांची पाळी असते, दर तासाला गेज बघून आकडे लिहायचे. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. ती पुस्तक वाचत बसली आणि पाण्याच्या प्रेशरचे चारही आकडे बसल्या जागी लिहून टाकले. दोन पॉइंट चार, दोन पॉइंट पाच, दोन पॉइंट चार, दोन पॉइंट सहा. चीफ साहेबांनी पाळी सुरू व्हायच्या आधीच गेजखालचा छोटा कॉक बंद करून ठेवला होता. काटा चार तास शून्यावर होता.

"सगळ्या वर्गाला बोलावलं, आजी. मला काट्यापुढं उभं केलं आणि वही मोठ्यानं वाचायला लावली."

"आगं पर येकदाच ना?"

"ते म्हणाले, हे एकदाचं नाही. आकडे फार सफाईनं लिहिलेत. विचारलं, 'ये किसने सिखाया?'"

"मंग तू काय म्हनलीस?"

"म्हटलं, किसीने नहीं, सर."

प्रयागबाई फोनवर चीफ साहेबाला बोलत सुटली. पोरीच्या जातीला मुद्दाम अडकवलं, कॉक बंद करून ठेवणं ही कुठली रीत. मी शेजारी बसून होतो. मला बोलायची जागा होती. मी बोललो नाही. उलट प्रयागबाई म्हणाली, "तुमी गप का? मानूस वळकीचं बगा कुनी," तेव्हा मी मान हलवली, जणू विचार करतोय.

मंगळवारी निकाल होता. एक तर सहा महिने मागं टाकतील, नाहीतर घरी पाठवतील.

तिला बाहेर पडायची परवानगी त्याच रविवारी दुपारी होती. आम्ही नारायणगावला आलो, तिथून एसटीनं चाकण, तळेगाव करत लोणावळा गाठलं. प्रयागबाईच्या मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. मी रस्ताभर मनात हिंदी जुळवत होतो. साहब, ये मैंने सिखाया. एवढंच वाक्य. ते चीफ साहेबापुढं जाऊन म्हणायचं, असं मी ठरवलं होतं.

गेटजवळ भेटायला येणाऱ्यांसाठी बाकडी आहेत. तेजस्विनी पांढऱ्या कपड्यांत आली. वाळली होती. आजीच्या पाया पडल्यावर ती माझ्या पाया पडायला वाकली आणि मी पाय मागं घेतले. का ते तिला कळलं असावं. तिनं आजीला चहा आणायला समोरच्या टपरीवर पाठवलं.

"तुझ्या सायबाला भेटायचंय," मी म्हणालो.

"कशाला?"

"सांगतो त्यांना. ह्ये माझं हाय म्हनून. तुझं न्हाई."

ती बराच वेळ डब्याचं झाकण उघडत आणि लावत राहिली.

"नको, आबा. मी त्यांना सांगितलंय, कुणी शिकवलं नाही. आता तुम्ही जाऊन सांगितलं तर मी दुसऱ्यांदा खोटी ठरेन. एवढ्यावर ठेवतील कदाचित. दुसऱ्यांदा नाही ठेवणार."

तिनं मला वाचवायला खोटं सांगितलं होतं, आणि आता ते खरं करायची वाटसुद्धा तिनं बंद केली होती.

"उस्ताद काय म्हणाले सांगू?" ती म्हणाली. "म्हणाले, आकडा चुकला तर चालेल, बघितलाच नाही हे नाही चालणार. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणीतरी खाली काम करत असतं." मग तिनं वर पाहिलं. "आबा, आता तुम्हाला लिहिता येतं. रजिस्टर बघून भरता ना?"

"व्हय," मी म्हणालो.

इतकं पटकन म्हणालो की मलाच नवल वाटलं. कारण मी घरी चहा पिताना भरत होतो. दिवसभराचं एकदम. दोन कमी, दोन जास्त. लिहायला शिकलो आणि पहिलं काय लिहिलं तर ते.

तिनं मान हलवली. "बरं केलं," म्हणाली, आणि लाडू खाल्ला.

येताना एसटीत प्रयागबाई बोलत होती, पोर किती शिस्तीची झाली, कॉलर कशी कडक. मी खिडकीबाहेर बघत होतो. शेजारच्या पावण्यानं विचारलं, "नात का? काय शिकतीय?" नेहमीसारखं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "शिकतीय."

सोमवारी लाईट आल्यावर मी पंपघरात गेलो आणि मोटार सुरू करायच्या आधी गेजपुढं उभा राहिलो. काचेवर पांढरे क्षार चढले होते. पंच्याच्या टोकानं पुसले. आत काटा साडेपाचवर होता.

मोटार बंद होती.

मी बोटानं काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. मोटार सुरू केली, पाणी पाइपात चढल्याचा आवाज आला, काटा साडेपाचवर. बंद केली, साडेपाचवर. किती वर्षं तो तिथं अडकला होता ते देवाला माहीत. म्हणजे साडेपाच हा आकडा आम्ही मनानं काढला असं मला वाटायचं, तोही मेलेल्या काट्याचाच होता.

मी मोटारीच्या कट्ट्यावर बसलो. मला सरूबाईचा हंडा आठवत होता. डोक्यावरची चुंबळ, चढावरचं थांबत थांबत जाणं, आणि मी तिच्यापुढं धरलेलं रजिस्टर.

मग पेन काढलं आणि त्या दिवसाच्या पानावर लिहिलं: "प्रेशर गेज बंद आहे. मोटार बंद असताना काटा साडेपाचवर राहतो. आजवरचे प्रेशरचे आकडे न बघता लिहिलेले आहेत. ते मी लिहवून घेतले व मी लिहिले." खाली सही केली. धर्माजी हे नाव मला सहीत पूर्ण लिहिता येतं.

ग्रामसेवक दुपारी येऊन वाचून गेले. "आबा, हे कशाला लिहिलं? नवा गेज मी बसवून देतो. हे पान तपासणीला अडचण करेल."

"करू द्या," मी म्हणालो.

ते वैतागले, पण माणूस बरा. दोन दिवसांत फिटर आला. नवा गेज लावल्यावर मोटार चालू असताना काटा तीनच्या थोडा पुढं जाऊन थांबला. फिटर म्हणाला, पंपाच्या आतली पाणी ढकलणारी चक्की झिजलीय, वरच्या आळीला पाणी चढणं शक्यच नाही.

त्याआधी मंगळवारी तेजस्विनीचा निरोप आला होता. सहा महिने मागं. घरी नाही. प्रयागबाईनं देवापुढं साखर ठेवली. त्याच दिवशी मी रजिस्टर काखेत मारून वरच्या आळीला गेलो. चढ माझ्याच्यानं एका दमात झाला नाही. आणि माझ्या डोक्यावर हंडा नव्हता.

सरूबाई दारात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"आज इकडं कसं काय, भाऊ? पानी सोडायचं इसरलात का?"

"सरूबाई, प्रेशर साडेपाच नव्हतं. किती व्हतं ते कुनालाच म्हाईत न्हाई. मी कधी बगितलंच न्हाई."

तिनं शेंग मोडली. "मला म्हाईत व्हतं की. माझ्या डोईला म्हाईत व्हतं."

मी उभाच होतो. ती बस म्हणाली नाही.

"कागदावर लिवलं का ह्ये?"

"लिवलं."

"मंग वाच. पैलं लई दावायचास."

मी पान उघडलं आणि अक्षरांखाली बोट धरून वाचलं. "न बघता" वर अडखळलो. ती ऐकत होती, हात थांबवून. वाचून झाल्यावर म्हणाली, "आजून येकदा." मी परत वाचलं. मग तिनं शेंगा उचलल्या आणि आत गेली.

त्या पानाची झेरॉक्स काढून मी लोणावळ्याला पोस्टानं पाठवली. बरोबर चिठ्ठी जोडली नाही. तारीख पानावर होतीच. आमच्या भेटीच्या दुसऱ्या दिवसाची. माझं "व्हय" काय होतं ते तिला त्यावरून कळणार होतं.

पुढच्या रविवारी मी फोन घेऊन पंपघरात गेलो. बराच वेळ वाजला नाही. मग वाजला.

"पान मिळालं, आबा."

"हां."

मागं कुणाच्या तरी शिट्टीचा आवाज येत होता.

"आता किती आहे?" तिनं विचारलं.

"तीन पॉइंट दोन."

"बघून सांगताय?"

"थांब, काच पुसतो," मी म्हणालो. पुसली. डोळे जवळ नेले. "तीन पॉइंट एक. काटा जरा थरथरतोय."

तिनं ते लिहून घेतल्यासारखा वेळ घेतला.

"तासाभरानं परत बघा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.