फोटोपुरती पेटी

मी एक जुनी, पण कोरी पेटी होते. पेटी म्हणजे हार्मोनियम. मित्रांनो, जुनी आणि कोरी, दोन्ही एकदम कसं, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तेच वाटत होतं.

माझा जन्म अकोल्यातल्या एका लहानशा दुकानात झाला. कारागिरानं माझे सूर लावले, भाता हलवून पाहिला आणि म्हणाला, "वा, काय गाते!" ती माझी पहिली स्तुती. त्यानंतर जी झाली, ती माझ्यावरच्या प्लॅस्टिकची.

त्या वर्षी मोर्शीजवळच्या एका गावच्या शाळेला खेळ, चित्रकला आणि संगीतासाठी अनुदान मिळालं होतं. व्हॉलीबॉल आला, रंगपेट्या आल्या, मी आले. पहिलीतली पायल टाळ्या वाजवत माझ्या ऑटोमागं फाटकापासून धावत आली. मुख्याध्यापक सूर्यभान सरांनी आम्हाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, मुलांना खोबरं वाटलं आणि आम्हाला काचेच्या कपाटात घालून कुलूप लावलं.

सर वाईट नव्हते. त्यांच्या आधीच्या शाळेत एक फुटबॉल फाटला होता. मुलं खेळली म्हणून फाटला. तपासणीला येणाऱ्या प्रत्येक साहेबापुढं सरांना तो फाटका बॉल दाखवावा लागे, मयताच्या तोंडावरचं फडकं बाजूला करतात तसा. साहेब विचारत, "कसा गेला?" सर खाली मान घालून सांगत, "खेळता खेळता."

तेव्हापासून सरांनी काहीही फाटू द्यायचं नाही असं ठरवलं. तपासणीच्या दिवशी व्हॉलीबॉलमध्ये हवा भरली जाई आणि साहेबांची गाडी वळली की सोडली जाई. रंगपेट्या मुलांच्या हातात फोटोपुरत्या. मी टेबलावर, माझ्यामागं मुलं तोंड उघडून उभी. फोटोला आवाज नसतो, ही मोठी सोय. दसऱ्याला झेंडूचा हार, बाकी वर्षभर डांबरगोळ्या.

पायल मात्र थांबली नाही. तिनं बाकावर खडूनं माझं चित्र काढलं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसकट. आईच्या मोबाइलवर बघून ती बोटं फिरवायला शिकली. बोटं बाकावर फिरत आणि माझा आवाज ती ओठ मिटून नाकातून काढी. हुबेहूब! काचेआडून मला तिचा हेवा वाटायचा. माझा आवाज तिच्याकडं होता.

वर्गातला पिंटू तिला चिडवायचा, "काय वं पायल, बाक वाजवून राहिली? उद्या फळा गाईन का?"

"तू ये इकडं. तबला कमी हाय, तुयं डोकं चालते."

पायल सातवीत गेली आणि अमरावतीच्या समूहगीत स्पर्धेचं बोलावणं आलं. साथ मुलांनीच करायची होती. ही तिची या शाळेतली शेवटची संधी. ती सरांकडं गेली.

"सर, पेटी काढा ना. मले येते वाजवता."

"आन् तुटली म्हणजे? साहेबाले काय दाखवू, तुयं तोंड?"

"मंग साथ कशी देऊ? अमरावतीले बाक न्या लागन."

सरांनी नीट विचार केला. "नेऊ बाक," ते म्हणाले, आणि खरोखरच टेम्पोवाल्याला विचारायला गेले.

टेम्पो ठरायच्या आधी तपासणीला संध्या मॅडम आल्या. फोटो झाला, तरी त्या उठेनात. म्हणाल्या, "आता वाजवून दाखवा."

असं कुणी कधी म्हणालंच नव्हतं. "मॅडम, एकदम नवी हाय," सर म्हणाले.

"मग वाजेलच."

पायल पुढं आली. प्लॅस्टिक कुरकुरत निघालं. आणि मित्रांनो, एक सांगायचं राहिलं. माझ्या भात्यात एक उंदीर सहकुटुंब राहत होता. डांबरगोळ्या त्यानं उशीसारख्या वापरल्या होत्या. पायलनं भाता ओढला, पट्टी दाबली, आणि माझ्यातून फक्त 'फुस्स' निघालं.

सरांचा चेहरा त्या फुटबॉलसारखा बसला. पायलनं तो पाहिला. मग बोटं माझ्यावर ठेवून तिनं ओठ मिटले आणि नाकातून अख्खं गाणं वाजवलं. मॅडमनी डोळे अर्धवट मिटून ऐकलं. मध्येच उंदीर बाहेर आला, टेबलावर थोडा थांबला आणि निघून गेला.

गाडीत बसताना मॅडम म्हणाल्या, "सर, उंदीर मी पाहिला. वापरून फाटलेल्या वस्तूसाठी आमच्याकडं रकाना आहे. न वापरता मेलेल्या वस्तूला कुठं लिहू? पेटी दुरुस्त करा आणि या मुलीला अमरावतीला पाठवा."

गाडी गेल्यावर सर व्हरांड्यात पायलजवळ आले. "काहून वाचवलं वं मले?" त्यांनी विचारलं.

"मी पेटीले वाचवलं, सर," पायल म्हणाली. "तिचं मयत दाखवा लागलं असतं ना तुमाले."

दुसऱ्या दिवशी सर मला मांडीवर घेऊन एसटीनं अकोल्याला गेले. भाता नवा झाला. परत आल्यावर त्यांनी कपाटाची किल्ली पायलच्या हातात दिली. "फाटली तं फाटली," ते म्हणाले.

अमरावतीत आमचा नंबर आला नाही. शेवटच्या कडव्यात माझी एक पट्टी अडकली. तेवढा सूर पायलनं नाकातून भरून काढला. परीक्षकांना कळलं नाही. मला कळलं.

आता माझ्या एका पट्टीचा टवका गेला आहे. भात्याला ठिगळ आहे. व्हॉलीबॉल तर कधीच फाटला; सर तो साहेबांना छाती फुगवून दाखवतात आणि विचारायच्या आधीच सांगतात, "खेळता खेळता!"

मित्रांनो, तुमच्याही शाळेत एखादं कपाट असेल. त्यातल्या वस्तूंची काळजी जरूर घ्या, पण हार घालून नव्हे, हात लावून. मोठ्यांकडं किल्ली मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा. आम्ही आतून ऐकत असतो.

मी एक जुनी पेटी आहे. कोरी नाही.