अकरावं झाड

बांधालगत कागदी लिंबाची अकरा झाडं. दहा एका ओळीत. अकरावं, खडक आडवा आला म्हणून, ओळीपासून दोन फूट पलीकडे, शेजाऱ्याच्या बाजूला. सगळी आईनं लावलेली. अकरावं लावलं त्याच वर्षी ती गेली.

मोजणीदाराची खुंटी झाडांच्या फूटभर अलीकडे पडली होती. म्हणजे सगळीच झाडं शेजाऱ्याची. कोर्टाचा निकाल लागायचा अवकाश, तो ती तोडून तिथं ट्रॅक्टर वळवणार होता. येता-जाता तसं ऐकवायचाही.

खरेदीखतात लिहिलं होतं, विहिरीच्या काठापासून हद्द शहाण्णव फूट. मी टेप तीनदा लावला. तिन्ही वेळा मोजणीदारच बरोबर. डोकं फिरायची वेळ आली. शेवटी खुरपं घेऊन विहिरीभोवतीची माती खरवडली, तर झाडांच्या बाजूला, कठड्यापासून अडीच फुटांवर, दगडांची दुसरी ओळ लागली.

"बाबा, हे काय?"

"जुना काठ. ढासळला, म्हणून आतून नवा बांधला मी."

"आणि कोर्टात शपथेवर काय लिहून दिलंत?"

"विहीर आजोबांच्या वेळची, आहे तशीच आहे."

"अहो, पण का?"

"विहिरीला हात लावला म्हटलं असतं, तर खूण हलवली म्हणून बोंबलला असता तो!"

जुन्या काठापासून मोजलं तर हद्द अडीच फूट पुढे सरकत होती. आणि तो काठ बाबांनी स्वतःच्या हातानं गाडून, वर शपथ घेतली होती.

आमच्या वकीलबाईंची खोली सायकलच्या दुकानावर. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, कपाळ चोळलं.

"काका, चार वर्षं मी तुमच्यासाठी भांडतेय. हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही."

"मी विचारलं होतं, विहिरीत काही बदल? तुम्ही म्हणालात, नाही."

"ते कोर्टासाठी."

"मी कोर्ट नाही हो! माझ्यापाशी खरं बोलायचं असतं!" त्यांनी फाईल आपटली. "आता ऐका. उद्या तुमची साक्ष. चूक झाली, हे तुम्हीच सांगायचं."

"म्हणजे माझाच वकील मला चारचौघांत खोटा पाडणार?"

"कठडा बांधला कोणी तुमच्याबरोबर?"

बाबा पुटपुटले, "गवंडी. शेजाऱ्याचाच मेहुणा."

"झालं! समोरच्या वकिलानं हे काढलं तर तुम्ही लबाड. तुम्ही आधी सांगितलंत तर चुकलेला माणूस. तुमची झाडं राखणं माझं काम आहे, काका, तुमचा तोरा नाही. आणि हे लपवून मी उभी राहणार नाही."

घरी दारात चपला काढताना बाबा म्हणाले, "बाई फितूर झाली."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी तीनच प्रश्न विचारले. नवा कठडा कोणी बांधला? जुन्याच्या आत की बाहेर? शपथपत्रात का नाही? प्रत्येक उत्तराला बाबांची मान इंचभर खाली. शेवटच्याला आवाज इतका बारीक झाला, की न्यायाधीशांना पुन्हा विचारावं लागलं. शेजाऱ्याचा वकील हसला. न्यायाधीशांनी बाबांना खडसावलं, आणि जुन्या काठापासून फेरमोजणीचा हुकूम दिला.

"काका, जिंकलो नाही अजून," वकीलबाई बाहेर म्हणाल्या. "पण हरायचं थांबलो."

"माझी लाज गेली, त्याचं काय?"

"ती माझ्या नावावर लिहा."

फेरमोजणीला दोन्ही वकील आले. वकीलबाई चिखलात गुडघे टेकून टेपचं टोक जुन्या दगडावर स्वतः धरून बसल्या. दुसऱ्या कुणाला धरू देईनात. बाबा झाडांपाशी उभे होते, अकराव्याच्या खोडावर हात ठेवून.

मोजणीदारानं शहाण्णव फुटांवर खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि वहीत लिहून घेतलं. दहा झाडं दीड फूट आत. अकरावं सहा इंच बाहेर.