चार इंची पाय

माझी बायको प्रेमला गेल्या ऑगस्टमध्ये लेप्टोने, उंदरांच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाने, गेली. वय एकोणसाठ. पाच दिवसांत सगळं आटपलं.

दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "चिखलात, साचलेल्या पाण्यात वावर होता का यांचा?" मी नाही म्हणालो. घरातच असते म्हणालो. ते खोटं होतं. दोन पावसाळे ती मागीलदारी दगडावर बसून भांडी घासत होती, आणि ते मी तिला करायला लावलं होतं. डॉक्टरांनी साधा ताप धरून औषध दिलं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे लाल झाले तेव्हा त्यांनी वेगळी तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट येईपर्यंत किडनी गेली होती.

हे मी वर्षभर कोणाला सांगितलं नाही. दीक्षालाही नाही. दीक्षा माझी एकुलती मुलगी. गुहागरकडे शाळेत शिकवते, सासर तिथेच.

भांडी बाहेर का, ते सांगतो. मी मिरजोळ्याला कंपनीत पॅकिंगच्या मशिनवर होतो. रिटायर झालो तेव्हा प्रेमलाने एकच गोष्ट मागितली. टीव्हीत दिसतं तसलं किचन. ड्रॉवर ओढायचे, दारं लावली की आतलं काही दिसत नाही, तसलं. आमचा जुना ओटा कडाप्प्याचा होता, खाली उघडा. उंदीर फिरायचे. हातखंब्याला एक दुकान आहे, तिथे तयार किचन खोक्यांत मिळतं. फळ्या, स्क्रू, बिजागऱ्या, सगळं सुटं. त्यांच्याकडचं सगळ्यात स्वस्तातलं घेतलं. दुकानदार म्हणाला, फिटर पाठवतो. मी म्हटलं, फिटर कशाला, तीस वर्षं मशिनी खोलल्या मी.

तीन दिवस लागले. प्रेमला खोक्यातला चित्रांचा कागद घेऊन माझ्या पाठी उभी. मी तो कागद बघितला नाही.

प्रत्येक कपाटाखाली लावायला काळे प्लास्टिकचे पाय होते, चार इंचांचे. ते लावून एक कपाट उभं केलं आणि तिला म्हटलं, उभी राहा बघू. ती चार फूट आठ इंच. वर शेगडी आली असती तर पातेल्यात काय शिजतंय ते तिला दिसलं नसतं. म्हणून मी पाय काढले आणि सगळी कपाटं सरळ फरशीवर बसवली. आता बरोबर तिच्या हाताशी आलं. ती म्हणाली, "कागदात तर पाय दाखवलेत." मी म्हटलं, "कागदवाल्याने तुला बघितलंय का?" ती हसली. पाय पिशवीत घालून माळ्यावर टाकले.

पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाची फळी फुगली. मग बाजूची. दार घासायला लागलं, बिजागरीचा स्क्रू सुटून हातात आला, त्याच्याबरोबर भुसा. मी तिला म्हटलं, तू पाणी मारतेस म्हणून. ती रोज फरशी धुवायची, आमच्याकडे सगळ्याच बायका धुतात. मी बंद करायला लावलं. ती ओल्या फडक्याने पुसायला लागली, गुडघ्यांवर. तरी फुगतच राहिलं. मग मी सिंकचा नळ खालून बंद केला आणि भांडी मागीलदारी घासायला लावली. पाऊस असला तरी. तिकडे शेजारच्या गोठ्याचं पाणी वाहून येतं, उंदीर असतात. तिच्या टाचांना भेगा होत्या. हे सगळं मला दिसत होतं.

वाडीतल्या बायका एकदा वर्षावासात विहारासाठी तांदूळ गोळा करायला आल्या होत्या. मी त्यांना आत नेऊन कपाट उघडून दाखवलं.

"बघा आमच्या बाईसाहेबांची कला. नवीन किचन भाकरीसारखं फुगवलं."

बायका हसल्या. शेजारची गोदा म्हणाली, "भावोजी, मग तुम्हीच घासा भांडी."

"मी घासली असती तर फुगलं नसतं."

प्रेमलाही हसली. नंतर जेवताना ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला पाय असते तर बरं झालं असतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"कोणी नाही. असंच."

"मग असंच बोलू नको," मी म्हटलं. ती त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

ती गेल्यावर मी एकटा. माझं एक ताट, एक टोप. मीही ते मागीलदारी नेऊन धुतो. किचनमध्ये वर्षभरात पाण्याचा थेंब सांडला नाही. तरी या जूनमध्ये गॅसखालचं कपाट फुगलं. तिथे तर सिंकही नाही. मी मनाला सांगितलं, जुनं पाणी आत मुरलेलं असणार.

पण ते मनाला पटत नव्हतं. दीक्षा आई गेल्यापासून माझ्याशी कामापुरतं बोलायची. तिला भांड्यांचं माहीत होतं. "आईला पावसात का बसवायचात?" असं तिने एकदाच फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "पाण्याने बोर्ड फुगतो, मी काय करू." मला ते कोणीतरी माहितगाराने तिच्यासमोर बोलायला हवं होतं. पाण्यानेच झालं, असं. म्हणजे मी कारण नसताना तिला बाहेर बसवलं नाही, एवढं तरी राहिलं असतं. म्हणून प्रेमलाचा वर्षाचा कार्यक्रम होता त्याच्या आदल्या दिवशी, दीक्षा घरी असताना, मी दुकानाचा माणूस बोलावला.

यज्ञेश नाव त्याचं. तिशीचा, हातात स्क्रूड्रायव्हरची पिशवी. दीक्षा उद्यासाठी सुपात वाटाणे निवडत बसली होती.

तो दारातच थांबला. "काका, हे घर मी बघितलंय."

"तू दुसरं कुठलं तरी बघितलं असशील," मी म्हटलं. "इथे मी फिटिंग केलंय."

"फिटिंग नाही. तक्रारीला आलेलो. दोन वर्षं झाली असतील. काकूंनी फोन केला होता, तुम्ही घरी नव्हता. कुठे आहेत?"

दीक्षा म्हणाली, "आई वारली."

त्याने पिशवी खाली ठेवली. मग गुडघ्यावर बसला, कपाट उघडून तळाची फुगलेली फळी उचकटली आणि मोबाईलची बत्ती आत मारली. "हां. तसंच आहे अजून."

"पाण्याने झालंय ना?" मी विचारलं. "रोज फरशी धुवायची ती. मी किती सांगायचो."

"धुण्याने काही होत नाही, काका."

"भुशाचा बोर्ड आहे. पाणी लागलं की फुगणारच."

"भुशाचाच आहे. स्वस्तातला माल, दहा वर्षं चालेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण वरून लॅमिनेट आहे. सांडलं, पुसलं, काही होत नाही. खालची कड उघडी असते, तिला ओल लागली की संपलं. तुमचं घर चिऱ्याचं, जोतं मातीचं. पावसात जमिनीतूनच ओल वर येते. हात लावून बघा."

मी हात लावला नाही. दीक्षाने लावला. हात वर करून तिने माझ्यासमोर धरला. ओला होता.

"म्हणून तर पाय देतो आम्ही," यज्ञेश म्हणाला. "माझ्या घरी हाच माल आहे. सहा वर्षं झाली. आई दोन वेळा फरशी धुते."

"आणि भांडी?" दीक्षाने विचारलं.

"भांडी काय?"

"सिंकमध्ये घासते?"

"मग कुठे घासणार?"

दीक्षा वाटाण्यांचं सूप खाली ठेवून उठली. "माझ्या आईला तुम्ही हे सांगितलं होतं?"

"सांगितलं ना. दोन तासांचं काम, आत्ता लावून देतो म्हटलं. त्यांनी माळ्यावरून पाय काढूनसुद्धा दाखवले. म्हणाल्या, उंच होईल, पण मी पाटावर उभी राहीन. मग म्हणाल्या, यांना विचारून कळवते." त्याने माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, काका नको म्हणाले."

"तिने मला विचारलंच नाही," मी म्हटलं.

हे बोलताना मला तिचं ते जेवतानाचं बोलणं आठवलं. विचारलं होतं तिने. तिला जमेल तेवढं विचारलं होतं.

यज्ञेशने फीचे पैसे घेतले नाहीत. तक्रार वॉरंटीत बसत नाही, तेवढं सांगून गेला. पायरीवरून मला म्हणाला, "काका, दुसरं घ्याल तेव्हा फिटर घ्या."

दीक्षाने वाटाणे पुरे निवडले. मी पलंगावर बसून होतो. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर भांडेल. तिने विचारलं, "डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत ना, ती बाहेर पाण्यात बसायची ते?"

तेव्हा मला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर तिने डॉक्टरांना बोल लावला असता आणि माझ्या घरी येत राहिली असती. वर्षभर मी तेच धरून बसलो होतो. पण तिने माझ्यासमोर धरलेला ओला हात डोळ्यांसमोरून जात नव्हता.

"नाही सांगितलं."

"त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं. मी घरातच असते म्हटलं."

"का?"

"गोदा बाजूला उभी होती. घरात किचन असून बायको बाहेर का, असं झालं असतं."

तिने मान हलवली, शाळेत मुलाचं उत्तर ऐकून घेतल्यासारखी. मग म्हणाली, "आई तुम्हाला घाबरायची, हे माहितीय ना?"

"ती माझा मान ठेवायची."

"नाही. मान माझ्या सासऱ्यांचा ठेवते मी. आई घाबरायची." तिने सूप उचललं. "उद्या लोक आईवर दोन शब्द बोलतील. तुम्ही पण बोलणार ना?"

"बोलेन."

"मग हे बोला. मला सांगितलंत तसं."

"दीक्षा, सगळी वाडी असेल."

"किचन दाखवलंत तेव्हा पण वाडीच होती."

दुसऱ्या दिवशी विहारात साठेक माणसं होती. वंदना झाली, तिच्या फोटोला फुलं वाहिली. मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र बोलले. प्रेमला शिबिरात स्वयंपाकाला सगळ्यात आधी यायची, असं ते म्हणाले. गोदा बोलली, ती रडली. मग माझं नाव घेतलं. दीक्षा फोटोच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होती.

मी माईक घेतला नाही. म्हणालो, "किचन प्रेमलाने खराब केलं नाही. मी पाय लावले नव्हते. तिला कळलं होतं, पण मला सांगायची तिला भीती वाटली. मी तिला दोन पावसाळे बाहेर बसवलं, फुकट. डॉक्टरांनी विचारलं पाण्यात होती का, मी नाही म्हणालो. दोन दिवस त्यात गेले."

बायकांमध्ये कोणीतरी च् च् केलं. राजेंद्र पुढे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गंगाराम, बस आता. माणूस गेलं की असं वाटतंच. आपण हे केलं असतं, ते केलं असतं."

"भावोजी, एवढं लावून घेऊ नका हो," गोदा म्हणाली. "तुम्ही हौसेने किचन आणून दिलंत तिला. आमच्या घरात कोणी दिलंय? नशीबवान होती."

दोन-तीन माना हलल्या. मागे कोणीतरी म्हणालं, किती जीव आहे बघ अजून. मला बरं वाटलं. खरं ते लिहितो, त्या घटकेला मला बरं वाटलं. मी खाली बसायला लागलो.

"बाबा, बसू नका," दीक्षा म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. मी उभा राहिलो.

"गोदाकाकू, हे दुःखाने बोलत नाहीयत. जे झालं ते सांगतायत. तुम्ही होतात ना दवाखान्यात यांच्या बाजूला? डॉक्टरांनी विचारलेलं ऐकलंत ना?"

गोदाने पदर तोंडाला लावला. "ऐकलं होतं गो, बाय."

"आणि आई कुठे भांडी घासायची, ते तुम्हाला तुमच्या पडवीतून दिसायचं."

राजेंद्रांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"परत सांगा, बाबा," दीक्षा म्हणाली. "डॉक्टरांपासून सांगा. सावकाश."

मी परत सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मी काय म्हणालो, गोदा कुठे उभी होती, कितव्या दिवशी रिपोर्ट आला. या वेळी मला कोणी थांबवलं नाही. मग राजेंद्र म्हणाले, जेवणं करून घ्या. काही माणसं पंगतीला बसली, काही चपला शोधायला लागली.

दीक्षा वाढत होती. माझ्या पानावर तिने भात वाढला, वाटाण्याची उसळ वाढली, बाकीच्यांना वाढली तेवढीच, आणि पुढच्या पानाकडे गेली.