माफ कर, मर्ल

राज्याच्या विधानसभेत दोन्ही पक्ष समसमान झाले होते, आणि सत्तेचा काटा ज्या एका जागेवर अडला होता, ती जागा ओडिल थिबोदो लढवत होत्या. आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवून आणि रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरीवर कोणीही न वाचलेला जाडजूड ग्रंथ लिहून निवृत्त झालेल्या या बाईंना सत्तेचे कौतुक नव्हते. गावच्या इस्पितळातला प्रसूतिकक्ष उघडा राहावा, एवढेच त्यांना हवे होते. बहुमत मिळताच तो बंद करण्याचा विरोधकांचा बेत होता. या बेताला विरोधकांनी ‘सुसूत्रीकरण’ असे नाव दिले होते. लुटीला शालीन नाव देण्याची रीत ओडिलबाईंच्या ओळखीची होती; फक्त रोमन लोकांचे गद्य बरे असे. त्यांच्या मुलीचे, सोलांजचे, दिवस फेब्रुवारीत भरत होते, आणि फेब्रुवारीत घाटापलीकडच्या इस्पितळाचा रस्ता बर्फाखाली जातो.

राजधानीतल्या दालनात फेरमोजणी चालली होती. कारकून एकेक मतपत्रिका उचलून दोन्ही बाजूंना दाखवत होता. टेबलापलीकडे विरोधकांचा उमेदवार मर्ल व्हिटकॉम्ब बसला होता. लाकूडगिरणीचा मालक, बाईंचा जुना विद्यार्थी, आणि हिवाळ्यात अर्ध्या गावाच्या दारातला बर्फ आपल्या ट्रकने फुकट हटवणारा शेजारी.

शेवटची मतपत्रिका वर आली आणि कारकुनाचा हात थांबला. मतदाराने आधी मर्लच्या नावापुढे खूण केली होती, मग ती ठळकपणे खोडून ओडिलबाईंना मत दिले होते. एवढ्यावर थांबला असता तर तो आमच्या गावचा कसला? शेजाऱ्याला खोडले म्हणून त्याने समासात लिहिले होते : ‘माफ कर, मर्ल. बर्फ मात्र काढत जा.’

मर्लच्या पक्षाचा वकील ताडकन उठला. “हरकत! मतपत्रिकेवर मजकूर लिहिलाय. मतदार ओळखू येतो. मत बाद!”

मत धरले तर ओडिलबाई एका मताने विजयी. बाद केले तर बरोबरी, आणि मग चिठ्ठी टाकून निवड. सभ्यतेलाच गुन्हा ठरवणारा कायदा ओडिलबाईंनी इतिहासात पुष्कळ वाचला होता. पण तो वाचताना कोणाच्या मुलीचे पोट पुढे आलेले नव्हते.

“ही हरकत कुणाच्या नावानं आहे?” मर्लने विचारले.

“उमेदवाराच्या. म्हणजे तुमच्याच.”

“मग मागे घेतली.”

“व्हिटकॉम्ब, डोकं फिरलंय का तुमचं? सगळी विधानसभा हातची जाईल! पक्षाचा निर्णय झालाय.”

“पक्षाची कोण माफी मागतंय? माझी मागतायत. मला खोडलंय हे आंधळ्यालाही दिसेल. उद्या चिठ्ठीनं निवडून येऊन त्याच दारात बर्फ काढायला कुठल्या तोंडानं जाऊ?”

“दार कुणाचं आहे, माहितीय तुम्हाला?” वकिलाने डाव टाकला; ओळख पटली की मत बाद.

“साहेब, माझी माफी मागायला हवी अशी गावात निम्मी घरं आहेत. कुठलं कुठलं सांगू?”

दालनात हशा पिकला. कारकुनाने दुसऱ्या बाजूकडे पाहिले. तिथून हरकत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने मतपत्रिका ओडिलबाईंच्या गठ्ठ्यावर ठेवली.

व्हरांड्यात मर्लने त्यांना गाठले. “बाई, उगाच मला थोर ठरवू नका. मला जिंकायचंच होतं.”

“माहितीय. शाळेतही तुला पहिला यायचं असायचं.”

“आणि तुम्ही कधी येऊ दिलं नाहीत!”

हसता हसता ओडिलबाईंना कळले की आपण तासभर अंग आखडून बसलो होतो. भिंतीला टेकून त्यांनी मुलीला फोन लावला.

“सोलांज, कक्ष राहतोय. इथेच, गावात.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “आई, सकाळपासून घशाखाली घास उतरला नव्हता गं. थांब, आधी काहीतरी खाऊन घेते.”

“खा,” ओडिलबाई म्हणाल्या. “पोटभर खा.”